प्रतिकार‘शक्ती’ या शब्दाची उलटतपासणी

भोकरदन, अंबड, परतूर, मंठा – जालना जिल्ह्यातील कोणताही तालुका घ्या. थंडी पडू लागली, की वर्गात एखाददुसरे मूल सतत खाजवताना दिसते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मानेवर, मनगटावर कातडी जाड, खरखरीत, काळपट झालेली असते. तिच्यावर नखांचे ओरखडे असतात, कधी पाणी सुटलेले असते. शेजारचा विद्यार्थी हळूच सरकून बसतो. कोणी त्याला गजकर्ण म्हणतो, कोणी खरूज, तर कोणी ‘रक्त बिघडले’ असे निदान करून मोकळा होतो. घरी वांगे बंद, अंडे बंद, कधी दूधही बंद झालेले असते. दुकानदाराला विचारून आणलेले एक मलम असते आणि सोबत ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ एक बाटली असते.

हेच मूल विज्ञानाच्या तासाला ऐकते, की पांढऱ्या रक्तपेशी म्हणजे शरीराचे सैनिक. सैनिक बलवान असले की रोग होत नाही, दुबळे पडले की होतो. यातून त्याने काय समजावे? आपले सैन्य दुबळे आहे, एवढेच. तसे ते समजते, त्याचे आईवडीलही समजतात आणि खरे सांगायचे तर आपण शिक्षकही फारसे वेगळे समजत नाही.

प्रस्तुत लेखात ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाची आणि त्याला चिकटलेल्या सैनिकाच्या उपमेची तपासणी करायची आहे. साक्षीदार म्हणून बोलवायचा आहे तो इसब, त्यातही ‘ॲटोपिक’ या नावाने ओळखला जाणारा, बहुधा बालपणीच सुरू होणारा इसब. या विकारात प्रतिकार करणाऱ्या पेशी कमी नसतात, थकलेल्याही नसतात. त्या भरपूर असतात आणि अहोरात्र कामात असतात. तरीही मूल आजारी असते. असे का, हे ‘शक्ती’च्या भाषेत सांगताच येत नाही.

उपमा आली कोठून?

सैनिकाच्या उपमेला मोठा इतिहास आहे. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञाने इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली त्याला दिसली. बाहेरून आलेल्या वस्तूला या पेशी घेरतात आणि गिळतात, असा निष्कर्ष त्याने काढला. तो काळ पाश्चर आणि कॉख यांचा होता. एकामागून एक रोगांचे जंतू सापडत होते. जंतू म्हणजे शत्रू आणि पेशी म्हणजे सैनिक ही भाषा त्या काळाला शोभणारी होती, आणि ती उपयोगीही ठरली. लस म्हणजे सैनिकांना दिलेली शत्रूची ओळख, हे सांगितले की पाचवीच्या मुलालाही देवी आणि पोलिओ यांच्या लसीचे मर्म कळते. तेव्हा ही उपमा सरसकट टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही.

पण ती अपुरी आहे, ही तक्रारसुद्धा जुनीच आहे. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या काळी घटसर्पावर घोड्याच्या रक्तातील प्रतिविषयुक्त रक्तजल टोचत असत. दुसऱ्यांदा ते टोचले की काही मुलांना ताप, पुरळ आणि सूज येई, तीही पहिल्यापेक्षा लवकर. बचाव करणारी यंत्रणाच येथे आजार निर्माण करीत होती. १९०६ साली पिर्के यांनी यासाठी एक नवा शब्द सुचवला : ‘ॲलर्जी’, म्हणजे बदललेली प्रतिक्रिया. शरीराची प्रतिक्रिया बदलते. ती बदललेली प्रतिक्रिया कधी तारते, कधी त्रास देते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे ‘वावडे’ हा चांगला शब्द आहे. त्यातही शक्तीचा उल्लेख नाही, एखाद्या वस्तूशी न जुळण्याचा आहे. पुढे १९२३ साली कोका आणि कूक या अमेरिकी वैद्यांनी घराण्यात चालत येणाऱ्या अशा प्रवृत्तीला ‘ॲटोपी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जागा सोडून असलेले, विचित्र. नाव ठेवणारेही चकित झाले होते, हे त्यावरून दिसते.

इसबाची साक्ष

ॲटोपिक इसबाच्या चट्ट्यातील कातडीचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात ‘टी’ जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी आढळते. या पेशी ‘इंटरल्यूकिन’ नावाची लहान प्रथिने सोडतात. ही प्रथिने कोणाला मारीत नाहीत, गिळीतही नाहीत. एका पेशीने दुसऱ्या पेशीला पाठवलेले ते निरोप असतात. या इसबात इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ या दोन निरोपांचा सुकाळ असतो.

आता पुढची गोष्ट पाहा. इतक्या पेशी हजर असूनही या कातडीवर जंतू कमी नसतात. उलट, बहुसंख्य रुग्णांच्या चट्ट्यांवर ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा पू करणारा जंतू ठाण मांडून असतो. निरोगी कातडीच्या पेशी जंतुनाशक प्रथिने स्वतः तयार करतात. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी इसब आणि सोरायसिस या दोन्ही रोगांतील कातडी तपासली, तेव्हा सोरायसिसमध्ये ही प्रथिने भरपूर आढळली, इसबात मात्र फारच कमी. दोन्ही ठिकाणी दाह होता आणि पांढऱ्या पेशींची गर्दीही होती. फरक निरोपांचा होता. इसबातील ४ आणि १३ क्रमांकांचे निरोप कातडीला जंतुनाशक प्रथिने बनवण्यापासून रोखतात. म्हणूनच सोरायसिसचे चट्टे क्वचितच पिकतात आणि इसबाचे वारंवार पिकतात.

याहून बोलका पुरावा औषधाने दिला. डुपिलुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत मार्च २०१७ मध्ये परवानगी मिळाली. ते पेशींवरील एक ग्राही झाकून ठेवते, त्यामुळे ४ आणि १३ हे दोन्ही निरोप पेशीला ऐकूच येत नाहीत. म्हणजे हे औषध प्रतिकारयंत्रणेच्या कामाचा एक भाग बंद करते. ‘शक्ती’च्या हिशेबाने रुग्णाला जंतुसंसर्ग वाढायला हवा होता. चाचण्यांत औषध घेणाऱ्यांना कातडीचे संसर्ग उलट कमी झाले. प्रतिकार ‘कमी’ केला आणि बचाव सुधारला! (हे औषध सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि त्याने काहींचे डोळे येतात, हेही सांगितले पाहिजे. येथे त्याचा उल्लेख केवळ साक्षीसाठी आहे.)

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या बाटलीला येथे एक साधा प्रश्न विचारावा : नक्की काय वाढवणार? ४ क्रमांकाचा निरोप वाढवणार की कमी करणार? २०२० च्या कोविड साथीत ‘इम्युनिटी’ हा शब्द गावोगाव पोहोचला आणि त्याच्या नावाने काढे व गोळ्या खपल्या. या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही वेष्टनावर छापलेले नव्हते. शक्ती ही एकच राशी असती, तर ती वाढवता आली असती. निरोप अनेक आहेत. काही वाढल्याने अपाय होतो, काही घटल्याने.

घंटा एक, ऐकणारे अनेक

निरोप ही कल्पना मुलांना सांगायला शाळेची घंटा पुरेशी आहे. दुपारची घंटा वाजते. पहिलीचे मूल ताट घेऊन धावते, स्वयंपाक करणाऱ्या ताई खिचडीच्या पातेल्यावरचे झाकण काढतात, शिपाई फाटक लावतो, गुरुजी खडू खाली ठेवतात. घंटा एकच, पण प्रत्येकाने करायचे काम वेगळे. घंटेत ना खिचडी असते ना फाटक. तिचा अर्थ ऐकणाऱ्यात असतो.

इंटरल्यूकिन-४ चे असेच आहे. तो रेणू पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला तो चिकटतो. ग्राहीच्या आतल्या टोकाला ‘जॅक’ नावाची विकरे असतात, ती जागी होतात. ती ‘स्टॅट-६’ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटची खूण लावतात, आणि खूण लागलेले स्टॅट-६ पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुके सुरू करते, काही बंद करते. कोणती जनुके, हे ती पेशी कोणती आहे यावर ठरते. ‘बी’ जातीची पांढरी पेशी हा निरोप ऐकून ‘आयजीई’ जातीची प्रतिपिंडे बनवू लागते. कातडीची पेशी तोच निरोप ऐकून आपल्या बांधणीतील प्रथिने कमी करते. आणि खाजेची जाणीव मेंदूकडे नेणारा मज्जातंतूही तो निरोप ऐकतो व अधिक हळवा होतो, असे २०१७ साली दाखवण्यात आले. इंटरल्यूकिन-३१ नावाचा आणखी एक निरोप तर मुख्यतः खाजेचाच आहे. त्याचा ग्राही झाकणाऱ्या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत इसबासाठी परवानगी मिळाली.

यातून एक दुष्टचक्र तयार होते. खाज सुटते, मूल खाजवते. खाजवल्याने कातडी तुटते. तुटलेल्या कातडीच्या पेशी धोक्याचे निरोप सोडतात. ते ऐकून पांढऱ्या पेशी ४, १३ आणि ३१ सोडतात. त्यांनी कातडी आणखी विरविरीत होते आणि खाज आणखी वाढते. ‘खाजवू नकोस’ असे वर्गात ओरडून हे चक्र थांबत नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. त्या मुलाला रात्रीची झोपही धड मिळालेली नसते. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाच्या मनगटाकडे एकदा पाहावे.

घंटेची उपमाही निर्दोष नाही. शाळेत घंटा शिपाई वाजवतो. शरीरात ऐकणारा प्रत्येक जण पुन्हा स्वतःची घंटा वाजवतो आणि वर कोणी मुख्याध्यापक नसतो. हा दोष मुलांना सांगूनच ती वापरावी.

तराजूचा मोह

सैनिकाची उपमा सोडून पुढे गेलेल्या पुस्तकांतही एक दुसरी उपमा भेटते, ती तराजूची. तिचीही परीक्षा केली पाहिजे, कारण ‘असंतुलन’ हा शब्द आपण सहज वापरतो.

१९८६ साली कॅलिफोर्नियात टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या मदतनीस टी पेशींचे निरोपांवरून दोन प्रकार पाडले. पहिला प्रकार पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंविरुद्ध उपयोगी पडणारे निरोप देतो, दुसरा प्रकार कृमींविरुद्धचे. दुसऱ्याच्याच निरोपांनी ॲलर्जीही होते. शिवाय एक प्रकार दुसऱ्याला दाबतो. तराजूचे चित्र आपोआप तयार झाले : एक पारडे खाली गेले की दुसरे वर.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ मध्ये जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासल्या. मोठी भावंडे जितकी जास्त, तितका परागज्वर आणि इसब कमी, असे त्यांना आढळले. भावंडांकडून लहानपणी संसर्ग होतात, म्हणून संरक्षण मिळत असावे, असा त्यांचा तर्क होता. तराजूवाल्यांनी तो लगेच उचलला : संसर्ग कमी, म्हणून पहिले पारडे हलके, म्हणून दुसरे जड, म्हणून ॲलर्जी. इतके सुबक स्पष्टीकरण क्वचितच मिळते.

पण ते टिकले नाही. कृमींचा संसर्ग हा तर दुसऱ्या पारड्याचा. तो असलेल्या प्रदेशांत ॲलर्जी उतू जायला हवी होती, पण तसे आढळले नाही. दुसरे असे, की लहान वयातील मधुमेह हा पहिल्या पारड्यातला विकार. ॲलर्जी वाढलेल्या देशांत तो घटायला हवा होता. तोही बरोबरीने वाढला. इसब जुना झाला की त्यातही पहिल्या प्रकारचे निरोप मिसळलेले आढळतात. जपान व कोरियातील रुग्णांच्या कातडीत १७ क्रमांकाच्या इंटरल्यूकिनचे प्रमाण युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा अधिक आढळले आहे.

तराजू मोडला तो एका दुर्मिळ रोगाने. आयपेक्स नावाचा हा रोग बहुधा मुलग्यांनाच होतो. त्यात तान्ह्या वयातच मधुमेह होतो, तीव्र जुलाब होतात, अंगभर इसब येतो आणि रक्तातील आयजीई फार वाढते. म्हणजे एकाच बाळात दोन्ही पारडी एकदम खाली! याचे कारण ‘फॉक्स-पी-३’ या जनुकातील बिघाड आहे, हे २००१ साली कळले. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियमन करणाऱ्या टी पेशी दाखवून दिल्या होत्या. इतर पेशींना ‘पुरे’ म्हणणाऱ्या या पेशी त्याच जनुकावर अवलंबून असतात, हे पुढे सिद्ध झाले. साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना या कामाबद्दल २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातला धडा असा, की इसबातील ‘असंतुलन’ म्हणजे दोन वजनांचा फरक नव्हे. सुरू करणारे निरोप असतात, तसेच थांबवणारेही असतात. घंटा वाजवणारे हात पुष्कळ आणि थांबवणारे थोडे, असे झाले तर शाळा चालणार नाही, मग घंटा कोणतीही असो.

स्ट्रॅचन यांच्या निरीक्षणाचा एक विपर्यासही येथे नोंदवला पाहिजे. ‘घाण बरी, हात धुऊ नका’ असा अर्थ काही जण त्यातून काढतात. जुलाब आणि कावीळ यांनी आपल्या गावांत किती दिवस शाळा बुडते, हे माहीत असणाऱ्या शिक्षकाने तरी हा अर्थ मुलांपर्यंत जाऊ देऊ नये.

भिंतीचा प्रश्न

आतापर्यंत पेशींच्या निरोपांविषयी बोललो. पण पहिला निरोप बहुतेक वेळा कातडीच्या पेशीच पाठवतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील अर्विन मॅकलीन यांच्या गटाने फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड आणि इसब यांचा संबंध दाखवला. हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवते. युरोपातील सुमारे १० टक्के लोकांत हा बिघाड असतो. त्यांतील बहुतेकांना इसब होत नाही, आणि इसबाच्या अनेक रुग्णांत हा बिघाड नसतो. तेव्हा ‘इसबाचे जनुक सापडले’ असे म्हणणे हीही अतिशयोक्तीच.

भिंतीचे महत्त्व वर्गात दाखवायला जालन्यात साहित्य शोधावे लागत नाही. दोन सारखी मोसंबी घ्या. एकीची साल किसणीने हलकेच खरवडा. दोन्ही आठवडाभर उघड्यावर ठेवा आणि रोज वजन करा. खरवडलेली मोसंबी लवकर सुकते आणि बुरशीही तिलाच आधी धरते. पाणी बाहेर जाणे आणि परके आत येणे, ही भिंत तुटण्याची दोन्ही लक्षणे मुलांना डोळ्यांनी दिसतात.

मराठवाड्यात एक प्रश्न हमखास येतो. काळ्या खडकातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते, साबणाला फेस येत नाही. इसब त्यानेच होतो का? हा प्रश्न इंग्लंडमध्ये रीतसर विचारला गेला. १९९८ साली नॉटिंगहॅम भागात दुष्फेन पाण्याच्या वस्त्यांतील प्राथमिक शाळेतल्या मुलांत इसब अधिक आढळला. मग ३३६ मुलांची चाचणी घेण्यात आली. निम्म्या मुलांच्या घरी पाणी सुफेन करणारे यंत्र बसवले. २०११ साली निकाल आला, की इसबात फरक पडला नाही. तसेच जन्मापासून रोज मलम चोळून इसब टाळता येईल, ही आशा १,३९४ बाळांवर तपासली गेली. २०२० मध्ये तीही खोटी ठरली. (झालेल्या इसबात कातडी ओलसर ठेवण्याचा उपयोग होतो, ही गोष्ट वेगळी. साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल आंघोळीनंतर लगेच लावणे हा स्वस्त आणि उपयोगी मार्ग आहे. साबण मात्र कमी वापरावा.) एखादी गोष्ट पटण्यासारखी असणे आणि ती खरी असणे यांतील अंतर मुलांना दाखवायला ही दोन उदाहरणे फार चांगली आहेत.

निरोप कोणत्या दारातून येतो यानेही अर्थ बदलतो. लंडनमधील एका चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पूर्ण टाळायला सांगितले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत शेंगदाण्याचे वावडे सुमारे १७ टक्क्यांना होते, खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्क्यांना. तुटलेल्या कातडीतून आत गेलेला कण धोक्याचा ठरतो; तोच कण आतड्यातून गेला तर शरीर त्याला आपला मानायला शिकते, असा याचा अर्थ लावला जातो. तीव्र इसबाच्या बाळावर घरी असा प्रयोग करू नये, तो वैद्यांच्या देखरेखीचा विषय आहे. पण कोणतीही तपासणी न करता अंडे, दूध, शेंगदाण्याचे कूट ताटातून काढून टाकणे हे पथ्य नसून उपासमार आहे, एवढे आपण पालकांना नक्कीच सांगू शकतो.

तीन प्रकारची खाज, एक मलम

आता पुन्हा वर्गात येऊ. खाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला ॲटोपिक इसबच असतो असे नाही, आणि येथेच शब्दांची गफलत खरा अपाय करते.

खरूज हा कातडीत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्याचा रोग, गजकर्ण हा बुरशीचा. दोन्ही संसर्गजन्य आहेत. त्यांतील दाह हा योग्य निरोप आहे, शत्रू खरोखरच आलेला आहे. सैनिकाची उपमा येथे चालते. इसब मात्र स्पर्शाने कोणालाही होत नाही.

तिसरा प्रकार आपल्या बांधाबांधावर उगवतो. गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन या रसायनाने होणारा त्वचादाह १९७० च्या दशकात पुण्यातूनच वैद्यकीय नियतकालिकांत वर्णिला गेला. वाळलेल्या गवताची पूड हवेतून पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसते. बहुधा शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसांना हा विकार होतो, आणि दिसायला तो ॲटोपिक इसबासारखाच असू शकतो. येथे मुख्य काम पहिल्या प्रकारच्या टी पेशींचे असते. आयजीई लागत नाही आणि प्रतिक्रिया यायला एक-दोन दिवस लागतात. तरी हेही खाने इतके स्वच्छ नाहीत. काही रुग्णांत आयजीईच्या मार्गाची प्रतिक्रियाही भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहे. निसर्गाने आमचा तराजू वाचलेला नाही! श्रमदानात मुलांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावू नये, हा यातून निघणारा साधा नियम.

या सगळ्यांवर दुकानातून येते ते मलम एकच : स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांचे मिश्रण. स्टेरॉइड अनेक निरोप एकदम दाबते. ॲटोपिक इसबात डॉक्टरांनी योग्य ताकदीचे, योग्य मुदतीसाठी दिले तर ते उत्तम औषध आहे, त्याला उगाच भिऊ नये. पण गजकर्णावर लावले तर लाली आणि खाज कमी होते, बुरशी मात्र निर्धास्त पसरते. घंटा बंद केली, आग तशीच राहिली. बुरशीनाशक गोळीला दाद न देणारी, २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळालेली बुरशी आज भारतभर आढळते. तिच्या फैलावाला अशा मलमांचा गैरवापर हातभार लावतो, असे तज्ज्ञ मानतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. नियम झाला, पण दुकानात मलम मागणारे आपणच असतो.

वर्गात काय बदलावे?

पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘प्रतिकारशक्ती’ऐवजी ‘प्रतिकारयंत्रणा’ म्हणावे. यंत्रणा म्हटले की ती जास्त की कमी यापेक्षा नीट चालते की नाही, हा प्रश्न सुचतो. सैनिकांचा पाठ झाला, की एक तास निरोपांसाठी द्यावा : निरोप कोण देतो, कोण ऐकतो, कोण थांबवतो? ‘रोग झाला म्हणजे शक्ती कमी’ हे वाक्य चूक की बरोबर, असा प्रश्न परीक्षेत विचारावा आणि उत्तरात इसबाचे उदाहरण मागावे.

आणि कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलासाठी एक गोष्ट आधी करावी. त्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवायला पालकांना सांगावे. खरूज किंवा गजकर्ण निघाले तर घरातल्या सर्वांची तपासणी करून उपचार घ्यावेत. इसब निघाला, तर त्याच्या शेजारच्या विद्यार्थ्याला सरकून बसण्याची गरज नाही, हे वाक्य शिक्षकाने सगळ्या वर्गासमोर स्वतः म्हणावे, आणि म्हणताना त्या बाकावर त्याच्याजवळ बसावे.